डावीकडचं माकड

९ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मध्येच ठेवशील. पत्र मध्येच ठेवता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी तू ते वाचशील, एवढी तरी मी तुला ओळखते.

आई म्हणते, "तू मोठी आहेस, माफी माग, विषय संपव." मी मागणार नाही. तुझ्या भिंगरीला ऐकू येत नाही असं बोलले, ते पुन्हा बोलेन, फक्त चारचौघांत नाही आणि जरा हळू आवाजात. तू त्या दिवशी म्हणालीस, "स्वतःला मूल नाही, म्हणून दुसऱ्याच्या मुलात खोट दिसते हिला." ते मला लागलं. लागलं म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं पुसलं जात नाही.

पाहिलं ते सांगते. तू अंघोळीला गेली होतीस. भिंगरी सतरंजीवर ठोकळे घेऊन बसली होती, पाठ स्वयंपाकघराकडे. आईच्या हातून मोठ्या पातेल्याचं झाकण पडलं आणि फरशीवर गोल गोल वाजत राहिलं. मी दचकले. तुझा नवरा पेपर टाकून उठला. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. भिंगरीने एक ठोकळा उचलला, निरखला आणि तोंडात घातला.

थोड्या वेळाने ती तुझ्या मांडीवर होती. दाराची बेल वाजली आणि माझ्याआधी तिची मान दाराकडे वळली. तू म्हणालीस, "बघ, बहिरी म्हणे." सगळे हसले. त्यांना तेवढं पुरलं. मला पुरलं नाही. एकाच मुलीला दाराची बेल ऐकू येते आणि ते झाकण येत नाही, हे कसं?

आणखी एक. सहाव्या महिन्यात ती दिवसभर बडबडायची. आता हसते, ओरडते, पण ती बडबड कुठे गेली?

एकच मागणं आहे. ती तुझ्या मांडीवर नसताना आणि तू त्या खोलीत नसताना तुझ्या नवऱ्याला तिच्या मागून हाक मारायला सांग. टाळी नको, टाळीचा वारा लागतो. पायही आपटायचे नाहीत, जमीन हलते. नुसती हाक.

मी सांगितलं म्हणून करू नकोस. मी चुकले हे सिद्ध करायला कर.

ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

पाकीट परत आलं. वर तुझ्या अक्षरात "घेतले नाही". पण ते ज्या डिंकाने चिकटवलंय तो माझा नाही. मी पाकिटाला थुंकी लावते, आईने कितीही नाक मुरडलं तरी. तेव्हा तू वाचलंस हे कळलं. हेही वाच आणि असंच परत पाठव, माझी हरकत नाही.

मी दिवसभर नेमकं काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. घरात सगळे "कानाचं काहीतरी" म्हणतात. आज सांगते, कारण आता त्याच्याशी तुझा संबंध येणार आहे.

आमची एक खोली आहे, भिंतींना जाड स्पंज लावलेला. दार लावलं की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. मधोमध खुर्ची. खुर्चीवर आई, आईच्या मांडीवर मूल, तोंड समोर. समोर बुटक्या स्टुलावर एक बालवाडीच्या बाई बसतात. निवृत्त झाल्यावर घरी करमेना म्हणून इथे आल्या. त्यांचं काम एवढंच, की आवाज न करणारी खेळणी हलवून मुलाला समोर बघत ठेवायचं. डाव्या बाजूला स्पीकर, आणि त्याच्यावर काळ्या काचेची पेटी. पेटीत ढोल वाजवणारं माकड आहे. दिवा लागेपर्यंत ते कुणाला दिसत नाही. मी काचेपलीकडे बटणं घेऊन बसते.

तान्ह्या मुलाला "ऐकू आलं का रे" असं विचारता येत नाही. म्हणून आम्ही त्याला एक नियम शिकवतो. स्पीकरमधून आवाज येतो आणि लगेच माकडावर दिवा लागतो. पुन्हा आवाज, पुन्हा माकड. असं थोडा वेळ चालतं. मग मी आवाज सोडते आणि दिवा लावत नाही. थांबते. आणि मूल अंधाऱ्या पेटीकडे मान वळवतं. माकड यायच्या आधी. त्याला माकड येणार हे माहीत झालेलं असतं.

अर्धं आयुष्य हे काम केलं मी, पण तो क्षण आला की अजून अंगावर काटा येतो. स्वतःचे पाय स्वतःचे आहेत हे ज्याला परवा कळलंय, त्याला जगाचा एक नियम सापडलेला असतो: हे झालं की ते होतं. कुणी त्याला समजावून सांगितलेलं नसतं. सांगणार तरी कुठल्या भाषेत?

आपण वेगळ्या नव्हतो. अप्पांची स्कूटर कोपऱ्यावर आली की आपण दोघी पुस्तकं उघडायचो. तुझं तर पुष्कळदा उलटं असायचं. अप्पा जाऊन इतकी वर्षं झाली, पण रस्त्यावर कुणी तशी स्कूटर बंद केली की आजही माझी पाठ ताठ होते. बाकीचं सगळं विसरेन, पाठ विसरणार नाही.

भिंगरीला तशाच खोलीत कुणीतरी तपासलं होतं, आणि ती सगळीकडे वळली म्हणून "ऐकू येतं" असं सांगितलं, असं आई म्हणाली. मला एवढंच सांग: तेव्हा ती कुणाच्या मांडीवर होती, आणि मांडीवाल्या बाईच्या कानांवर काय होतं?

ताई


६ मार्च

प्रिय शेंडेफळ,

तुझी चिठ्ठी मिळाली. "माझ्याच मांडीवर. कानांवर काही नव्हतं. आता पुरे." तीन वाक्यं लिहिलीस, उपकार झाले.

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. त्याच्यावर चिडू नकोस. तो आधी हवापाण्याबद्दल बोलला, मग पाणी कमी दाबाने येतं त्याबद्दल बोलला. मी म्हटलं, "मुद्द्यावर या."

"ताई, मी मागून हाक मारली. ती वळली."

"कुणाच्या मांडीवर होती?"

"हिच्याच."

"मी काय सांगितलं होतं?"

"ती सोडतच नाही हो तिला खाली." मग आवाज खाली आणला. "आज ही दुकानात गेली होती. तेव्हा मारली."

"मग?"

मग म्हणाला, "ताई, मी तिचं नाव घेतलं. मग मोठ्याने घेतलं. शेवटी असा ओरडलो की समोरच्या घरातल्या आजी गॅलरीत आल्या. म्हणाल्या, पोरीवर कशाला ओरडता एवढं. पोरगी खिडकीतल्या उन्हाशी खेळत होती. माझ्याकडे बघितलंच नाही तिने."

मग तो रडला. त्याने तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतेय. घरात दोघांना एकच गोष्ट माहीत आहे आणि दोघं ती एकमेकांपासून लपवताहेत, असं व्हायला नको. कारण तुलाही माहीत आहे. माहीत नसतं तर तू तिला खाली ठेवली असतीस.

इथे घेऊन ये.

ताई


१७ मार्च

शेंडेफळ,

येतेस म्हणालीस, बरं वाटलं. आई नसेल. तिला मी तिच्या मैत्रिणीकडे पाठवतेय. मी तुला एक शब्द शिकवणार नाही, फक्त काचेपलीकडून तपासेन. झोपेत डोक्याला तारा चिकटवून करायची तपासणी तुला नको आहे, ठीक आहे, ती आता नको. फक्त माकडवाली करू.

येताना तिची आवडती वस्तू आणू नकोस, नाहीतर ती माकडाकडे बघणार नाही. दुपारची झोप झालेली असू दे. तुझ्या कानांवर मोठे हेडफोन असतील आणि त्यात गाणी. कुठली गाणी हवीत ते कळव. तू गुणगुणायचं मात्र नाहीस. तुझा सूर भिंतीच्या स्पंजालाही झेपायचा नाही.

ताई


३० मार्च

प्रिय शेंडेफळ,

काल तू "मला फसवलंस" म्हणालीस आणि निघून गेलीस. बालवाडीच्या बाई भिंगरीचा एक मोजा हातात घेऊन जिन्यापर्यंत तुझ्यामागे आल्या होत्या. मोजा माझ्या टेबलावर आहे. आज कँटीनमध्ये बसून लिहितेय, कारण त्या खोलीत बसवत नाही.

हो, फसवलं. पण तू अर्धंच ऐकून गेलीस. सगळं क्रमाने सांगते.

पहिल्या खेपेला तुझ्या कानांवर गाणी होती. मी स्पीकरमधून आवाज सोडला, माकडावर दिवा लावला. माकड दिसलं की भिंगरी खुदखुदून हसायची. पण दिव्याच्या आधी ती एकदाही वळली नाही. मी आवाज वाढवत नेला. शेवटी एवढा, की बालवाडीच्या बाईंनी कानात बोटं घातली. भिंगरी त्यांच्या बोटांकडे बघत राहिली.

तू हेडफोन काढलेस. "या गाण्यांनी मीच अवघडले, म्हणून ती अवघडली. याच्याशिवाय कर." मी केलं. आणि ती वळली. दर वेळी वळली. मोठ्या आवाजाला वळली, अगदी बारीक आवाजाला वळली, इतक्या बारीक की म्हातारपणी आपल्याला तो ऐकू येणार नाही. तू काचेतून माझ्याकडे पाहिलंस. कॅरममध्ये राणी घेतल्यावर बघायचीस तसं.

मग मी म्हटलं, "एकदा पुन्हा हेडफोन घाल. आता गाणी नाहीत." तू घातलेस, कारण तू जिंकत होतीस. आणि मी स्पीकर बंद केला. आवाज फक्त तुझ्या हेडफोनमध्ये सोडला. त्या खोलीत काहीही वाजत नव्हतं, शेंडेफळ. बालवाडीच्या बाई नंतर म्हणाल्या, "मला वाटलं तुमचं यंत्र बिघडलं." आवाज जगात फक्त एका ठिकाणी होता, तुझ्या कानात.

आणि भिंगरी वळली. डावीकडे, माकडाकडे. दर वेळी.

तुला वाटतं, मी तुझी मुलगी बहिरी आहे हे सिद्ध केलं आणि खापर तुझ्यावर फोडलं. मी काय पाहिलं ते आता ऐक.

काल सगळं झाल्यावर मी त्या खोलीतल्या कॅमेऱ्यातलं चित्र लावून बसले. तुझ्याकडेच बघत होते. तू काय करतेस? आवाज आला की तुझी मांडी आवळते? श्वास थांबतो? मी हळू करून पाहिलं, मोठं करून पाहिलं. बाईंना बोलावलं. आम्हा दोघींना काहीही दिसलं नाही. तू दगडासारखी बसली आहेस. काही तरी होत असणार, नाहीतर ती वळली नसती. पण जे कॅमेऱ्याला पकडता येत नाही, मला येत नाही, आणि जे तू करतेस हे तुलाही ठाऊक नाही, ते त्या मुलीला कळतं. ती त्याच्यावर जगते.

आपण पुस्तकांत वाचतो, की घंटा वाजली की प्राणी खाण्याची वाट बघतो. वाचून मान डोलावतो. पण ही मुलगी घंटा नसलेल्या घरात जन्मली, आणि तिने स्वतःसाठी घंटा शोधून काढली. ती घंटा म्हणजे तू. दाराची बेल वाजते तेव्हा तुझ्यात काहीतरी हलतं, आणि ती दाराकडे बघते. तिचे बाबा हाक मारतात, तुझ्यात काहीतरी हलतं, ती वळते. आपण तिला भिंगरी म्हणालो ते ती सारखी वळते म्हणून. ती वळत होती तुझ्यामुळे. सगळं जग तिने तुझ्यातून ऐकलं.

तू तिला हे शिकवलं नाहीस. तिने तुला शिकून घेतलं. यात तुझा दोष कुठे आहे, दाखव मला.

ती हुशार आहे का, असं तू दारात विचारलंस ना? तू गेलीस म्हणून उत्तर राहिलं. शेवटी मी तिच्या मुठीत एक थरथरणारं बटण दिलं होतं, आठवतं? तुझ्या कानांवर तेव्हा परत गाणी होती. बटण थरथरलं की माकड. दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा बटण थरथरताच तिने वळून पेटीकडे पाहिलं आणि दिवा लागायला उशीर झाला म्हणून माझ्यावर ओरडली. बाई म्हणाल्या, "ही वर्गात असती तर मला घाम फोडला असता."

तेव्हा काळजी तिच्या डोक्याची नाही. काळजी याची आहे, की ती इतकी छान निभावून नेते की कुणाला कळणारच नाही. आज तुझ्या मांडीवर आहे. उद्या उतरेल, धावेल, दुसऱ्या खोलीत जाईल. तुझ्यात काहीतरी हललं हे तिला कळतं, पण काय म्हटलं गेलं ते कसं कळणार? मांडीत शब्द नसतात. शब्द शिकायचे महिने हे आहेत, आत्ताचे. ते गेले की पुन्हा असे येत नाहीत.

तारांची तपासणी करू दे. किती ऐकू येतं, कुठल्या सुरात येतं, ते कळू दे. थोडं जरी उरलं असेल तर कानाला लावायच्या यंत्राने वाढवता येईल. मी तिच्या कानाला हात लावण्याआधी तुला विचारेन. पण विचारायला तू समोर हवीस.

मोजा ठेवून घेतलाय. एक मोजा तुझ्या काय कामाचा? न्यायला ये.

ताई


१४ मे

प्रिय शेंडेफळ,

आता आपण रोज फोनवर बोलतो, सकाळीच बोललो, तरी पत्र लिहितेय. तू म्हणशील, हिला चटक लागली. लागली असेल. पण हे फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच "थांब, दूध उतू चाललंय" म्हणशील, आणि हे मध्येच थांबवण्यासारखं नाही.

कालचं आहे. काल तू त्या खोलीत होतीस, पण तू काही पाहिलं नाहीस. मीच तसं सांगितलं होतं. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, हात सैल. "मांडी उशीसारखी ठेव," म्हटलं, तर तू म्हणालीस, "उशीसारखीच झाली आहे, बाळंतपणानंतर." आणि खरोखर तू मिटलेल्या डोळ्यांनी बसून राहिलीस. एकदाही फसवलं नाहीस. म्हणून जे झालं ते मला आणि बाईंनाच दिसलं.

यंत्रं कानांवर बसवली तेव्हा ती बंद होती. भिंगरीने एक उपटलं, बाईंनी परत लावलं, तिने पुन्हा उपटलं, बाईंनी पुन्हा लावलं. बाई म्हणाल्या, "मी निवृत्त झालेय, मला वेळच वेळ आहे." मग दार लावलं आणि यंत्रं चालू केली. खोलीत शांतता होती, त्यामुळे काही झालं नाही. लोकांना वाटतं, यंत्र चालू केलं की मूल हसतं. तसं नसतं. ती बाईंच्या हातातल्या कापडी माशाकडे बघत होती. एका हाताने माशाचं शेपूट धरलं होतं.

मी आवाज सोडला. मध्यम, फार मोठा नाही. तिच्या तारांच्या तपासणीत जे उरलेलं दिसलं होतं, त्याच्या बेताचा.

तिचा हात थांबला. शेपूट सुटलं नाही, पण ओढणं थांबलं. डोळ्यांची उघडझाप थांबली. बाईंनी मासा हलवायचा थांबवला, खरं म्हणजे त्यांनी तसं करायचं नसतं. मी श्वास धरला होता, माझ्या मांडीवर ते ओळखणारं कुणी नव्हतं.

आणि मग ती वळली.

डावीकडे नाही. माकडाचा दिवा मी लावला होता, माकड ढोल बडवत होतं, तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती उलटी वळली, सबंध, कमरेतून, मान मागे टाकून, आणि खालून वर तुझ्या चेहऱ्याकडे बघू लागली. तुझे डोळे मिटलेले. तिने तुझ्या ओठांकडे पाहिलं. मग हात वर करून तुझ्या हनुवटीला लावला.

तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "भूक लागली वाटतं हिला."

बोलायच्या बटणावर माझं बोट होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी बोट काढून घेतलं.

आमच्या नियमाने ते धरायचं नसतं. मूल पेटीकडे वळलं तरच वळलं. मी ते धरलं नाही. नंतर ती डावीकडेही वळायला लागली, ते धरलं, आणि त्यावरच तुला सांगितलं की छान चाललंय. ते खरंच आहे. पण पहिलं तुला सांगायचं राहिलं होतं.

आत्तापर्यंत काहीही झालं की ते तुझ्यातून यायचं. दार, बाबा, कुत्रं, माकड, सगळं. काल तिच्या कानात पहिल्यांदा सरळ काहीतरी आलं, आणि आजवर जे शिकली होती त्याला धरून तिने तेच केलं जे करायला हवं होतं. हे कुठून आलं म्हणून तुझ्याकडे पाहिलं.

तुझ्याशिवायही जगात काही वाजतं, हे तिला अजून माहीत नाही. ते आता आम्ही शिकवणार आहोत, बाई आणि मी. सावकाश शिकवू. बाईंना वेळच वेळ आहे.

मोजा अजून माझ्याकडेच आहे. परत मागू नकोस.

तुझी,
ताई